‘फलटण’ या चार अक्षरांचा प्रवास

संगणकावर ‘फलटण’ असं टाइप केलं, तर कीबोर्डमधून एकही अक्षर बाहेर पडत नाही. बाहेर पडतात आकडे: ११, १७, ५२ आणि ६. पहिल्या व शेवटच्या आकड्याबरोबर ‘शिफ्ट दाबलेली आहे’ एवढी खूण जाते, बस्स. ११ म्हणजे इंग्रजी एचची कळ. इनस्क्रिप्ट मांडणीत तिच्यावर ‘प’ आहे आणि शिफ्ट धरली की ‘फ’. जसा क-ख, तसाच ग-घ. अल्पप्राण खाली, महाप्राण वर. ही मांडणी १९८६ची. १९९१च्या भारतीय मानकातही ती आली. कीबोर्डला मात्र यातलं काही ठाऊक नसतं. शिफ्टच्या खुणेसह आलेल्या ११ या आकड्याचा ‘फ’ करतो तो संगणक.

टाइपरायटरचं तसं नव्हतं. तिथे कळ आणि अक्षर एकाच लोखंडी दांड्याची दोन टोकं. गोदरेजने १९५५ साली देशी बनावटीचा टाइपरायटर आणला. आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटणहून लोणंदमार्गे गाठता येणाऱ्या शिरवळला, त्यांचे टाइपरायटर बनत. २००९मध्ये ते काम थांबलं. दांडा गेला आणि बोट व अक्षर यांच्यामध्ये आकडा आला. आता तो आकडा तारेने पाठवायचा की हवेतून, एवढाच प्रश्न उरतो.

आधी कीबोर्डच्या पोटात डोकावू. शंभरावर कळा, पण प्रत्येकीला वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. ८ आडव्या, १८ उभ्या धरल्या तर १४४ छेद मिळतात; १०४ कळांना २६ रेषा पुरून उरतात. एक छोटी चिप ही जाळी सेकंदाला शेकडो वेळा तपासते. कळ दाबली की तिचा संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो. ती थरथर ओसरेपर्यंत चिप थांबते, नाहीतर एका ‘ल’चे तीन व्हायचे.

तारेच्या कीबोर्डची साधी यूएसबी केबल चार तारांची असते: दोन विजेच्या, ५ व्होल्टच्या, आणि दोन निरोपाच्या. गंमत अशी की कीबोर्ड आपणहून बोलत नाही. संगणक सेकंदाला साधारण १२५ वेळा विचारतो, ‘काही आहे का?’ आणि मगच आकडा जातो.

बिनतारी कीबोर्डात हा आकडा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीवर बसतो. लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या वितीपेक्षाही कमी. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा जानेवारी २००५पासून विनापरवाना खुला आहे. वायफाय त्याच पट्ट्यात, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. एवढ्या गर्दीत निरोप हरवू नये म्हणून लहरी जागा बदलत राहतात. ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या होतात. अशा उड्यांचं एक पेटंट १९४२ साली हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी घेतलं होतं. त्यात वाहिन्या होत्या ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच!

मग निवड कशी करायची? टायपिंगच्या वर्गाचा विचार करा. राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेत मराठीचा मिनिटाला चाळीस शब्दांपर्यंत वेग लागतो. शब्दाला पाच ठोके धरले तर एका ठोक्याला ३०० मिलिसेकंद मिळतात. तारेतून आकडा जायला आठेक लागतात, बिनतारीला थोडे जास्त. दुकानदार वेगाच्या गप्पा मारील, पण टायपिस्टला हा फरक जाणवणारच नाही. अडचण वेगळीच आहे. एका खोलीत वीस सारखे कीबोर्ड, संगणकाला लावायचे वीस सारखे नखाएवढे रिसीव्हर. कुणाचा कुठे लागला याचा पत्ता नाही, आणि ऐन परीक्षेत सेल बसला तर? वर्गाला तारच बरी. बँकेच्या टेबलालाही. २०१६मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं की काही बिनतारी रिसीव्हर दुरून पाठवलेले परके ठोके आपलेच समजून स्वीकारतात. ब्लूटूथची उपकरणं त्या दोषात नव्हती.

माउसचं गणित उलटं. तो जागेवर बसत नाही, दिवसभर सरकतो. त्याची तार टेबलाच्या कडेला अडते आणि मानेपाशी तुटते. म्हणून घरच्या लॅपटॉपला माउस बिनतारी आणि कीबोर्ड तारेचा, ही जोडी मला सगळ्यांत शहाणी वाटते. कर्सर अडखळू लागला तर नवा माउस घेण्याआधी रिसीव्हर कुठे आहे ते बघावं. यूएसबी ३च्या निळ्या खाचेतून आणि तिला जोडलेल्या हार्डडिस्कमधून नेमका २.४ गिगाहर्ट्झजवळच गोंगाट निघतो. वीतभर एक्स्टेंशन केबल लावून रिसीव्हर टेबलावर आणला, की बहुतेकदा काम भागतं. म्हणजे बिनतारी माउसलाही शेवटी तार लागलीच.