शहाणा दिवा आणि वरसाव्याची तिन्हीसांज

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता जेथे एकमेकांस मिळतात आणि मिळाल्यावर वसईच्या खाडीवरील पुलाकडे वळतात, तेथील आमचे वरसावे हे गाव नावापासूनच एका गैरसमजाचे धनी आहे. पुलाचे नाव इंग्रजीत ‘वर्सोवा ब्रिज’ असे रूढ झाल्यामुळे अंधेरीच्या समुद्रकाठचे वेसावे आणि खाडीकाठचे वरसावे यांची गल्लत माणसांनी पिढ्यानपिढ्या केली, आणि आता यंत्रांनीही तोच शिरस्ता पुढे चालविला आहे. घरात आणलेला पहिला स्मार्ट दिवा सूर्यास्ताबरोबर आपोआप लागावा, म्हणून मी मोबाइलमधील अ‍ॅपला घराचा ठावठिकाणा सांगू लागलो, तेव्हा त्याने मला बिनदिक्कत सुमारे २० किलोमीटर दूर, अंधेरीच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवले. चूक दुरुस्त करण्यापूर्वी सहज हिशेब केला, तर असे दिसले की दोन्ही गावांच्या सूर्यास्तात मिनिटभराचेही अंतर पडत नाही. म्हणजे ज्या चुकीने टॅक्सीचे भाडे दुप्पट होते, ती चूक दिव्याच्या लेखी नगण्य आहे. या दिव्यांविषयी ज्या गोष्टींची आपण धास्ती बाळगतो त्या बहुधा निरुपद्रवी असतात, आणि ज्यांवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो त्याच खिशाला चाट लावतात, हे त्यानंतरच्या वर्षभरात माझ्या ध्यानी आले.

यांपैकी सर्वांत दृढ आणि सर्वांत महाग गैरसमज असा, की स्मार्ट दिवा विजेची बचत करतो. विक्रेता तसे सांगतो, वेष्टनावर तसे सुचविलेले असते, आणि ‘शहाणा’ म्हटल्यावर काटकसर आलीच, असे आपले मनही ग्वाही देते. वस्तुस्थिती आकड्यांनीच पाहावी. ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज खातो. त्याच्या जागी ९ वॉटचा साधा एलईडी लावला, की तेच काम सोळा-साडेसोळा युनिटांत होते. नव्वदांहून अधिक युनिटांची ही बचत खरी आहे, परंतु तिचे श्रेय एलईडीचे आहे. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब देशभर वाटले गेले, तेव्हा ती बचत आपल्याकडे घरोघर पोचलीही. ज्याच्या घरी एलईडी आधीच आहे, त्याला स्मार्ट दिवा कोणती नवी बचत देणार?

उलट येथे एक बारीकशी मेख आहे. स्मार्ट दिवा विझलेला दिसला तरी झोपलेला नसतो. पुढचा हुकूम केव्हा येईल याची वाट पाहत तो आपल्या वाय-फायशी संधान बांधून जागा राहतो, आणि या पहाऱ्यासाठी त्याला साधारण अर्धा वॉट वीज लागते. दिवसाचे उरलेले १९ तास हा पहारा चालला, तर वर्षाला साडेतीन युनिटे होतात. आता दुसऱ्या बाजूने पाहा: आपण ९ वॉटचा दिवा रोज एक तास विनाकारण जळत ठेवला, तर वर्षाला ३.३ युनिटे वाया जातात. म्हणजे आपला विसराळूपणा सुधारण्यासाठी नेमलेला हा नोकर वाचवितो साधारण तितकेच वेतन म्हणून खातो. रक्कम मोठी नाही. युनिटचा दर ८ रुपये धरला तरी दिव्यामागे वर्षाला २८ रुपयांचा मामला आहे. पण १०० रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या साध्या एलईडीऐवजी ५०० ते ८०० रुपयांचा स्मार्ट दिवा घेताना ‘फरक वीजबिलातून वसूल होईल’ अशी जी समजूत आपण स्वतःची घालतो, तिला या जमाखर्चात कोठेही आधार सापडत नाही. मंद केलेला दिवा वीज कमी घेतो, एवढे मात्र त्याच्या पदरी टाकले पाहिजे. रात्री दहानंतर उजेड तिसऱ्या हिश्शावर आणणाऱ्या घरात पहाऱ्याचा खर्च भरून निघू शकतो.

मग हा दिवा घ्यावाच कशासाठी? सोयीसाठी, असे त्याचे सरळ उत्तर आहे, आणि सोय ही काही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. रात्री उठणाऱ्या वृद्ध माणसाला अंधारात बटण चाचपावे लागू नये, आपण महामार्गावरच्या कोंडीत अडकलेले असताना घराची गॅलरी उजळलेली असावी, सायंकाळी दिवाणखान्यात पिवळसर २७०० केल्विनचा शांत उजेड असावा आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी तोच दिवा पांढरा शुभ्र व्हावा, यासाठी चारपाचशे रुपये अधिक मोजणे हा ज्याच्या त्याच्या हौसेचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे. हौसेला काटकसरीचा झगा चढविला, की घोटाळा सुरू होतो.

दुसरा गैरसमज आमच्या टापूत अलीकडे फार ऐकू येतो, आणि तो निव्वळ शब्दसाधर्म्यातून उपजला आहे. मुंबईच्या उपनगरांसह मीरा-भाईंदर आणि त्यातील चेणे-वरसावे या भागाला वीज पुरविण्याचा कारभार पूर्वी बीएसईएसकडे, मग रिलायन्सकडे आणि २०१८ पासून अदानीकडे आहे. आणि २०२४ साली राज्यभर स्मार्ट मीटरांवरून जो गदारोळ झाला, त्याचे पडसाद येथेही उमटले. परिणामी आमच्या एका शेजाऱ्यांनी ‘दिवा स्मार्ट घेतला की मीटरही स्मार्ट बसवितात’ अशी ठाम समजूत करून घेतली, आणि दिवा लावण्यापूर्वी कंपनीकडे दरखास्त करावी लागेल काय, अशी गंभीर पृच्छा माझ्याकडे केली. मीटर ही पुरवठादाराच्या हद्दीतील वस्तू असून दिवा आपल्या हद्दीतील आहे. दोघांचा एकमेकांशी कसलाही पत्रव्यवहार चालत नाही, आणि होल्डरमध्ये बल्ब फिरविण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. खातरजमा करायचीच, तर बल्बवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीची खूण आहे काय आणि त्याची टोपी आपल्या घरातील दोन खिळ्यांच्या होल्डरला बसणारी, म्हणजे ‘बी-२२’ जातीची, आहे काय, याची करावी. स्वस्त मिळाला म्हणून आटेवाला बल्ब मागविणाऱ्यास पुढे अ‍ॅडॉप्टर शोधीत हिंडावे लागते.

भिंतीवरच्या बटणाचा प्रश्न मात्र अधिक खोल आहे, कारण तेथे यंत्राची गाठ घरातील माणसांच्या वहिवाटीशी पडते. स्मार्ट बल्ब बसविला म्हणजे बटण निकामी झाले, असे काहींना वाटते; बटण पूर्वीसारखेच वापरावे आणि मोबाइलनेही दिवा चालवावा, असे इतर गृहीत धरतात. खरे असे आहे, की बटण बंद केले की बल्बचा वीजपुरवठाच तुटतो, आणि मग मोबाइलने हाक मारली काय किंवा सूर्यास्ताने मारली काय, तो ओ देऊ शकत नाही. आमच्या घरी पहिले पंधरा दिवस हाच खेळ चालला. मी नियम लावावा आणि आईने साठ वर्षांच्या सवयीने खोलीतून निघताना बटण बंद करावे. दिवा न लागला की दोष मात्र माझ्या यंत्राचा. आईचे चुकत नव्हते. खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवावा, हेच तर तिने मला लहानपणी शिकविले होते.

या पेचावर तोड आहे, आणि ती बल्बात नसून स्विचबोर्डाच्या पोटात आहे. आगपेटीहून थोडा मोठा एक स्मार्ट मॉड्यूल बोर्डामागे बसविला, की नेहमीची बटणे तशीच चालतात, साधेच एलईडी राहतात, आणि मोबाइल वा वेळापत्रकही चालते. चार दिवे सांभाळणारा मॉड्यूल साधारण हजार-दोन हजारांच्या घरात येतो, म्हणून एका खोलीत चार दिवे असतील तर चार स्मार्ट बल्बांपेक्षा तो स्वस्त पडतो. शिवाय दिवा खराब झाला तर १०० रुपयांचा बल्बच बदलावा लागतो; उलट स्मार्ट बल्बातील रेडिओ बिघडला की धडधाकट एलईडीही कचऱ्यात जातो. भीती दाखविली जाते ती मॉड्यूलला लागणाऱ्या न्यूट्रल तारेची: ‘आपल्याकडच्या बोर्डात न्यूट्रल नसतेच.’ ज्या बोर्डावर बटणांशेजारी प्लगचे सॉकेट आहे तेथे ती बहुधा असतेच, कारण तिच्यावाचून सॉकेट चालणार नाही. जिन्यावरील दोन ठिकाणांहून चालणारे बटण किंवा पलंगाजवळचे एकटे बटण, अशा जागी ती सहसा आढळत नाही. हे काम मात्र जाणत्या वायरमनने एमसीबी पाडूनच करावे. आणि जुना फिरकीचा डिमर ज्या दिव्यावर असेल तेथे स्मार्ट बल्ब लावू नये; तो लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर मरतो.

वीज जाण्यायेण्याचा तपशील दुकानात कोणी सांगत नाही. वीज जाऊन परत आली, की पुष्कळ स्मार्ट बल्ब आपोआप पूर्ण प्रकाशाने लागतात. रात्री तीन वाजता असे झाले म्हणजे घरात चोर शिरल्याचा भास होतो. अ‍ॅपमध्ये ‘वीज परत आल्यावर पूर्वीच्या स्थितीत राहावे’ अशा अर्थाची एक सोय असते; नवा दिवा लावल्याबरोबर पहिले काम ती शोधण्याचे करावे.

आता इंटरनेटचे पाहू. स्मार्ट दिव्यासाठी वेगवान जोडणी लागते, वेगळा हब घ्यावा लागतो, आणि जोडणी गेली की घर अंधारात बुडते, अशी त्रिविध भीती घातली जाते. दिव्याचा हुकूम चिठ्ठीएवढा असतो. त्याला वेग लागत नाही, राउटरचा स्थिर सिग्नल लागतो. हे दिवे बहुशः २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच बोलतात, म्हणून जोडणी करताना फोन ५ गिगाहर्ट्झवर असला, तर त्यांची ओळखच पटत नाही, आणि बिचारा ग्राहक दिवा नादुरुस्त समजून परत करतो. हब लागतो तो झिग्बी या वाय-फायहून वेगळ्या बिनतारी पद्धतीच्या दिव्यांना; २०१२ साली आलेल्या फिलिप्स ह्यूने ही पद्धत लोकप्रिय केली, पण कमी खर्चात आरंभ करणाऱ्यास वाय-फायचे दिवे पुरेसे आहेत.

इंटरनेट गेल्यावर बटण चालतेच. घरातल्या घरात हुकूम घेणारे दिवे फोनवरूनही चालतात, परंतु ज्यांचा प्रत्येक निरोप परदेशातील सर्व्हरची वारी करून येतो ते मुके होतात. ही शंका पोकळ नाही. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेवाचून बंद पडले, आणि ग्राहकांच्या घरांतील वेळापत्रके व फोनवरून चालणारी व्यवस्था एका रात्रीत खोळंबली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘मॅटर’ हे सामाईक मानक जाहीर झाले. त्यातील उपकरणे निरनिराळ्या कंपन्यांच्या अ‍ॅपांशी आणि घरातल्या घरात बोलू शकतात. दोन दिव्यांच्या किमतीत फारसा फरक नसेल, तर मॅटरची खूण असलेला घ्यावा.

दिवा आपले बोलणे ऐकतो, हा संशय थोडक्यात निकालात काढता येतो: साध्या स्मार्ट बल्बात मायक्रोफोनच नसतो. तो असतो शेजारच्या बोलक्या स्पीकरमध्ये, आणि स्पीकरवाचून दिव्याचे काहीही अडत नाही. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड मात्र अवश्य बदलावा. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने जगभरचे असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असल्याच न बदललेल्या पासवर्डांच्या जोरावर. ‘एक कोटी साठ लाख रंग’ या जाहिरातीचे कोडेही सोपे आहे. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्यांचा तो गुणाकार आहे. घरात पिवळसर आणि पांढरा या दोहोंपलीकडे फारसे कोणी जात नाही, आणि गडद रंगात हे दिवे पांढऱ्यापेक्षा बरेच मंद पडतात. रंगांवाचून, नुसता उजेडाचा पिवळेपणा बदलणारा दिवा मिळाला, तर तोच घ्यावा.

ज्याला हजार रुपयांत आरंभ करायचा आहे त्याने सबंध घराचा बंदोबस्त करण्याच्या भरीस पडू नये. न्हाणीघराच्या वाटेवर हालचाल ओळखून लागणारा दोन-चारशे रुपयांचा सेन्सर-बल्ब लावावा. त्याला ना वाय-फाय लागते ना अ‍ॅप, आणि माझ्या मते या सर्व जातींत तोच सर्वांत शहाणा. उरलेल्या पैशांत एक स्मार्ट बल्ब गॅलरीत किंवा दारात, जेथे बटणाला सहसा कोणाचा हात लागत नाही अशा जागी, लावावा. बंद काचेच्या गोळ्यात तो तापतो, आणि खाडीवरच्या दमट वाऱ्यात उघडा टाकला तर गंजतो, एवढे सांभाळावे. दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी एक स्मार्ट प्लग पुढे केव्हातरी घ्यावा.

आमच्या गॅलरीतील दिवा आता अ‍ॅपमधील वरसाव्याच्या सूर्यास्ताने चालतो. नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास आणि जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. पहिल्या पावसाळ्यात मात्र चेण्याच्या डोंगरांवरून ढग उतरले, सहालाच पूल दिसेनासा झाला, मोटारींचे दिवे लागले, आईने देवापुढे निरांजन लावले, आणि पंचांगाइतके अचूक गणित करणारा आमचा दिवा काळोखात स्वस्थ बसून राहिला. कारण त्याला सूर्य केव्हा मावळतो हे ठाऊक होते, आभाळ केव्हा भरते हे ठाऊक नव्हते. तेव्हापासून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी त्याची वेळ सूर्यास्तापूर्वी पाऊण तास अशी लावून ठेवली आहे.