माणूस, जागा आणि घर

घर बांधावयाचे म्हटले की आपण प्रथम विचारतो, खोल्या किती? जपानमधील काही वास्तुशिल्पज्ञांनी त्याआधी दोन प्रश्न विचारले: येथे राहणारी माणसे जगणार कशी, आणि ही जागा देऊ शकते काय? ह्या प्रश्नांतून काय निष्पन्न होते, हे 1976 साली पुऱ्या झालेल्या दोन घरांवरून आम्ही सांगणार आहोत.

पहिले घर ओसाका शहरात सुमियोशी भागात आहे. ओळीने असलेल्या तीन जुन्या लाकडी घरांपैकी मधल्याच्या जागी तादाओ आंदो यांनी ते काँक्रीटमध्ये उभारले. जागा सुमारे 57 चौरस मीटर, अरुंद आणि लांबट. दोन्ही अंगांना शेजारी. रस्त्याकडे दार आहे, खिडकी नाही. मग उजेड-वारा यावा कोठून? आंदो यांनी लांबीचे तीन भाग करून मधला आकाशाला मोकळा सोडला. आपल्या वाड्यातील चौकच म्हणा ना! परंतु वाड्यात चौकाभोवती सोपा असतो. येथे तोही नाही. निजण्याच्या खोलीतून न्हाणीघराकडे जाताना पावसात छत्री उघडावी लागते. घरात ऋतू हवेत, तर त्यांचा त्रासही पत्करावा लागतो.

दुसरे घर तोक्योच्या नाकानो भागात होते. तोयो इतो यांच्या भगिनीला वैधव्य आले. दोन मुलींसह मातीच्या, झाडांच्या सान्निध्यात राहावे, अशी तिची इच्छा होती. इतो यांनी आपल्या घराशेजारी तिच्यासाठी घोड्याच्या नालासारखे वळलेले पांढरे घर रचले. बाहेरच्या जगाकडे त्याची जवळजवळ पाठच होती. मध्ये मातीचे अंगण होते. दुःखाला आडोसा देणारेच ते घर होते. पुढे मुली मोठ्या झाल्या, कुटुंबाचे जीवन पालटले, आणि 1997 साली ते पाडण्यात आले.

मग ते फसले काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांच्यासाठी ते बांधले, त्यांना त्याने कठीण काळात सांभाळले. मात्र अंगाबरोबर बेतलेला कपडा अंग वाढताच आखडतो, तसेच घराचेही होते. म्हणून नकाशा काढून घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. आज आपण कसे राहतो एवढेच नव्हे, तर पंधरा वर्षांनी येथे कोण असेल, हेही बोलून घ्यावे.