नवे इंजिन, जुने सांधे

मराठी मध्यमवर्गीय घरात स्कूटर हे केवळ वाहन कधीच नव्हते. पुण्याजवळच्या आकुर्डीतून १९७२ साली 'चेतक' बाहेर पडली. पुढे कित्येक वर्षे नाव नोंदवून तिची वाट पाहावी लागे, आणि ती दारात आली की हळदकुंकू वाहून, नारळ फोडून तिचे स्वागत होई. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या घरांतही हाच सोहळा घडला. पेट्रोलवर चालणाऱ्या, गिअरच्या त्या चेतकचे उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकातच थांबले. २०१९ साली त्याच नावाने पुन्हा आली ती विजेवर चालणारी गाडी. तरीही जुनी चेतक अनेक अंगणांत अजून उभी आहे, आणि वडिलांची आठवण म्हणून ती मोडीत काढण्यास घरातील कोणाचे मन धजत नाही.

अशा गाडीचे इंजिन थकले की दुरुस्तीपेक्षा दुसरे, वापरलेले पण चांगले इंजिन बसवणे पुष्कळदा सोयीचे पडते. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात ते मिळते, मिस्त्री एका दिवसात बसवून देतो, आणि मग प्रश्न उभा राहतो तो किक मारल्यावर. पाय दुखेपर्यंत किक मारावी, तरी गाडी सुरू होत नाही. 'फसवले आपल्याला' हा पहिला विचार मनात येतो आणि दोष नव्या इंजिनावर ठेवून आपण मोकळे होतो.

येथेच थोडे थांबावे, असे सुचवण्यासाठी हा लेखप्रपंच आहे. दुसऱ्या शाळेतून आलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी गप्प बसला, म्हणून तो मंद आहे असा निष्कर्ष शहाणा शिक्षक काढत नाही. तो आधी पाहतो की मुलाला आपला प्रश्न ऐकू गेला का, त्याच्याजवळ पाटी-पुस्तक आहे का. इंजिनाचेही तसेच आहे. इंजिन बदलताना जेथे जेथे जुने आणि नवे जोडले गेले, ते सांधे आधी तपासावेत. इंजिनाच्या अंतरंगाकडे शेवटी वळावे.

असे सांधे आहेत तरी किती? चेतकचे इंजिन पुढे एका लांब बोल्टावर आणि मागे शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टावर तोललेले असते. त्याशिवाय पेट्रोलची नळी, हवेची रबरी नळी, एक्सिलरेटर, चोक, क्लच, गिअर आणि मागचा ब्रेक यांच्या केबली व विजेच्या तारा, एवढ्या गोष्टी सोडवून पुन्हा जोडाव्या लागतात. यांतील एक जरी चुकली, तरी उत्तम इंजिन मुके राहते.

इंजिन चालण्यास मूलतः तीन गोष्टी लागतात: पेट्रोल-हवेचे योग्य मिश्रण, योग्य क्षणी पडणारी ठिणगी आणि मिश्रण दाबले जाण्यासाठी पुरेसा दाब. या तिन्हींची परीक्षा घरच्या घरी, एका प्लगपान्याच्या साहाय्याने घेता येते. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी आणि जवळपास देवघरातील दिवा, शेगडी वा विडी-सिगारेट नसावी, एवढे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे.

प्रथम पेट्रोलचा कॉक उघडून दहा-बारा किक माराव्यात आणि प्लग काढून पाहावा. तो कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही. अशा वेळी नळी पाहावी. इंजिन वर उचलून बसवताना ती दुमडते किंवा चेपते, आणि बाहेरून तिची मान वाकलेली दिसतही नाही. नळी ठीक असेल तर कार्बोरेटरकडे यावे. पडून राहिलेल्या इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये जुने पेट्रोल वाळून चिकट थर बनतो आणि जेटचे बारीक छिद्र बुजते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांनाही मानवत नाही. म्हणून टाकीतील शिळे पेट्रोल काढून ताजे भरावे, त्यात ऑइलचे प्रमाण लिटरमागे २० मिलिलिटर, म्हणजे दोन टक्के ठेवावे, आणि मगच पुढची परीक्षा घ्यावी.

उलट प्लग ओलाचिंब निघाला, तर पेट्रोल येते आहे, पण जळत नाही. मग कॉक बंद करावा, एक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून प्लगाविना काही किक माराव्यात आणि साचलेले पेट्रोल बाहेर पडू द्यावे. चोकची केबल ताणून बसल्यामुळे चोक कायम ओढलेलाच राहिला नाही ना, हेही पाहावे. थोडा वेळ जाऊन वाफ विरली की पुसलेला प्लग टोपीत घालावा, त्याचे लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला टेकवावे, प्लगाच्या छिद्रापासून तो दूर ठेवावा आणि किक मारावी. निळसर, टणक ठिणगी दिसली तर शुभलक्षण समजावे. ठिणगी नसेल किंवा पिवळट, मरतुकडी असेल, तर विजेच्या वाटेने शोध घ्यावा.

या वाटेवर एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. मॅग्नेटोवर चालणाऱ्या या इंजिनाला सुरू होण्यासाठी किल्लीकडून वीज मिळावी लागत नाही. किल्लीचे काम उलटे आहे. ती एका तारेवाटे वीज गाडीच्या सांगाड्यात उतरवते आणि ठिणगी मारून टाकते. म्हणूनच इंजिन बंद होते. ही तार कोठे खरचटून सांगाड्याला टेकली, किंवा नव्या इंजिनाच्या तारांशी चुकीची जोडली गेली, तर गाडी जन्मभर 'बंद' या आज्ञेखालीच राहते.

आमच्या वसाहतीतील एका वयोवृद्ध गृहस्थांच्या घरी नेमके हेच घडले. ज्या स्कूटरवरून त्यांनी दोन्ही मुलींना शाळेत पोहोचवले, तिला त्यांनी दुसरे इंजिन बसवून घेतले. तीन दिवस ती सुरू झाली नाही. इंजिनच खराब आहे, दुसरे घ्या, असा सल्ला त्यांना मिळाला होता. पेन्शनीतून दुसऱ्यांदा एवढा खर्च करणे त्यांना परवडणारे नव्हते. "सर, आता भंगारवाल्यालाच बोलावतो," ते मला म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. मी म्हटले, "अण्णा, एक दिवस थांबा. आधी तारा सोडवून पाहू." इंजिनावरच्या जोडपेटीत सांगाड्याकडून येणारी ती एक तार आम्ही सोडवली आणि प्लग टेकवून किक मारली. ठिणगी लख्ख पडली. इंजिन निर्दोष होते. सांगाड्याच्या तोंडाशी जेथून तारा आत जातात, तेथे त्या तारेचे आवरण घासून निघाले होते. इन्सुलेशनची पट्टी गुंडाळून तार पुन्हा जोडली, आणि दुसऱ्याच किकला गाडीने धुराचा लोट सोडून होकार दिला. ही तार सोडवण्याची कसोटी ठिणगी पाहण्यापुरतीच करावी. ती सुटलेली असताना इंजिन चालू झाले, तर किल्लीने ते बंद होणार नाही.

तारांविषयी आणखी एक सावधगिरी हवी. जुन्या चेतकमध्ये ठिणगीसाठी पॉइंट आणि कंडेन्सर असत. नंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. दोहोंची तारजोडणी भिन्न आहे. एका पद्धतीचे इंजिन दुसऱ्या पद्धतीच्या गाडीत बसवताना केवळ रंग जुळवून तारा जोडल्या, तर ठिणगीची आशा धरू नये.

तिसरी परीक्षा दाबाची. किक हाताने सावकाश खाली दाबावी. मध्येच स्पष्ट अडकाव जाणवला पाहिजे. किक लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असे लगेच मानू नये. या गाडीत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनापर्यंत पोहोचतो. क्लचची केबल फाजील ताणून बसवली असेल, तर क्लच घसरतो आणि इंजिन फिरतच नाही. केबल किंचित सैल करून पुन्हा पाहावे. प्लग घट्ट बसला आहे का, हेही पाहावे.

पेट्रोल, ठिणगी आणि दाब तिन्ही ठीक, तरी गाडी फटफट करून थांबते किंवा किक उलट फेकते, असे झाल्यास ठिणगीचा क्षण चुकला असावा. फ्लायव्हील जागेवर धरणारी अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी तुटली, की असे होते. दीर्घकाळ उघड्यावर पडलेल्या इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असते; धुराला बाहेर पडण्यास वाट नसेल, तर आत मिश्रण येणार कोठून? इतके सारे तपासूनही यश आले नाही, तर ऑइल सील वाळून हवा आत शिरत असण्याचा संभव असतो. येथे मात्र घरगुती कसब संपते आणि अनुभवी मिस्त्रीच्या हाती गाडी सोपवणे इष्ट ठरते. आपण काय काय पाहिले, हे त्याला क्रमाने सांगावे. त्याचा वेळ वाचतो आणि आपला पैसाही.

गाडी सुरू झाली, तरी एक सांधा उरतोच, तो कागदाचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची नोंद आर.टी.ओ.कडे करून घ्यावी लागते. नोंदणीपत्रात इंजिनाचा क्रमांक असतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हाच्या तपासणीत हा क्रमांक जुळला पाहिजे. विम्याच्या दाव्यातही हीच अडचण येऊ शकते. म्हणून इंजिन घेतानाच त्यावरील क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. चोरीच्या मालापासूनही तीच आपले रक्षण करते.

तात्पर्य, इंजिन बदलल्यावर गाडी रुसली तर एका वेळी एकच गोष्ट तपासावी, एकच बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर किक मारून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुरू झाली तरी दोष कोठे होता ते कळत नाही, आणि तो पुन्हा उद्भवला की सारी शोधाशोध पहिल्यापासून करावी लागते. हा क्रम वहीच्या एका पानावर उतरवून ते पान गाडीच्या हत्यारांबरोबर ठेवावे. पुढे घरातील एखादा नातू किंवा नात ती गाडी काढील, तेव्हा ते पान त्यांच्या उपयोगी पडेल.