चुंबकाचा उपचार : ऐकीव काय, खरे काय

दोन-तीन औषधे बदलूनही नैराश्य हटेना, की मानसोपचारतज्ज्ञ कधी कधी टीएमएस हा चुंबकाचा उपचार सुचवतात. पेण-रोह्याच्या घरात हे नाव आले की पाठोपाठ शंकाही येतात.

गैरसमज : हा शॉकच, फक्त नाव नवे.
वस्तुस्थिती : शॉकमध्ये, म्हणजे ईसीटीत, भूल देऊन फिट आणली जाते. टीएमएसला भूल लागत नाही. पेशंट जागा असतो, खुर्चीत बसतो. तंत्रज्ञ डोक्यावर कॉइल सरकवत हाताचा अंगठा कधी उडतो ते पाहतो आणि त्यावरून मात्रा ठरते. मग टकटक आवाज आणि कपाळाच्या बाजूला टिचक्या मारल्यासारखे वाटते. ईसीटीही टाकाऊ नाही. जिवावर बेतलेल्या नैराश्यात तीच लवकर गुण देते. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती भुलीशिवाय देता येत नाही.

गैरसमज : चुंबकच ना? मग कडे किंवा गादी घेऊ.
वस्तुस्थिती : कड्यातले चुंबकीय क्षेत्र स्थिर असते, त्याने मेंदूत वीज तयार होत नाही. टीएमएसचे क्षेत्र क्षणार्धात चढते-उतरते, म्हणून पेशींत प्रवाह उमटतो. अँथनी बार्कर यांनी 1985 मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हे करून दाखवले.

गैरसमज : दोन-चार वेळा गेले की झाले.
वस्तुस्थिती : साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. नव्या पद्धतीत एक बैठक तीन मिनिटांतही उरकते, पण रोह्याहून पनवेल किंवा मुंबई गाठायची तर दिवस मोडतोच. म्हणून आधीच विचारा : एकूण बैठका किती, खर्च किती, आणि मध्ये खाडा झाला तर काय?

गैरसमज : कुणालाही चालते, गुण हमखास.
वस्तुस्थिती : अमेरिकेत 2008 मध्ये नैराश्यासाठी आणि 2018 मध्ये ओसीडीसाठी, म्हणजे मंत्रचळासाठी, याला परवानगी मिळाली. तरी सगळ्यांनाच गुण येत नाही. डोकेदुखी होते, फिट क्वचितच येते. डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर किंवा पूर्वी फिट आलेली असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नका.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तिथे मराठीतून बोलता येते. जीव द्यावासा वाटत असेल, तर मशीनच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.