आजीचे छायाचित्र आणि एक फ्लॅश

आमच्या धर्मग्रामात कोणी वृद्ध प्रभूच्या घरी गेले, म्हणजे घरचे लोक फोटोसाठी धावाधाव करितात. आणि अखेरीस लग्नाच्या घोळक्यातून कापून काढलेला, फ्लॅशने पांढराफटक पडलेला चेहरा शवपेटीपाशी ठेवितात. हे आम्हांस खटकते. ऐंशी वर्षांचे कष्ट ज्या चेहऱ्यावर उमटले, तो असा सपाट का दिसावा?

दोष कॅमेऱ्याचा नव्हे, फ्लॅशच्या जागेचा. समोरून पडणारा प्रकाश छायाच पुसून टाकतो, आणि छायेवाचून गाल, नाक, सुरकुती काहीच उठून दिसत नाही. रोम येथील सान लुइजी देई फ्रान्चेसी चर्चमध्ये काराव्हाज्जोने १६०० च्या सुमारास रंगविलेले संत मत्तयाच्या पाचारणाचे चित्र पाहावे. उजवीकडून एकच तिरपा प्रकाश येतो, आणि जकातीच्या मेजाभोवतीचे चेहरे अंधारातून जिवंत होतात.

आपल्या तरुणांनी तेच करावे. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बिनतारी ट्रिगरने चालवावा. बाजूस सुमारे ४५ अंशांवर, डोळ्यांहून उंच धरावा, पांढऱ्या छत्रीतून पाडावा. छत्री जितकी जवळ, तितकी छाया मृदू. मात्र अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईच उरतो. दुसऱ्या अंगास धुतलेली पांढरी चादर धरावी. तेवढ्याने काळोखा गाल उजळतो. चष्मा चमकल्यास फ्लॅश आणखी वर न्यावा.

आजीला हसण्याचा आग्रह करू नये. तिच्या हाती रोझरीची माळ द्यावी, आणि ती विसावली की बटण दाबावे.