वाडीवरचा रेडिओ आणि त्याची कागदपत्रं

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. बाहेर ही बातमी पोचवली ती एका एसटीचालकाने. नेहमीच्या फेरीवर तो आला, तर गावच दिसेना. दीडशेच्या आसपास माणसं गाडली गेली होती, आणि निरोप निघायला एसटीची वेळ व्हावी लागली. पुढे जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळिये, जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताच नव्हता. बचाव पथकं भर पावसात डोंगर चढून गेली.

अशा रात्री आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते, दरडीत केबल तुटते आणि रेंज जाते. ज्या क्षणी फोन हवा, नेमका त्याच क्षणी तो मुका होतो. ही उणीव काही अंशी भरून काढणारं साधन आज हाती आहे: कमी शक्तीचा मेश रेडिओ. ते कसं चालतं हे हौशी मंडळी उत्साहाने सांगतात. ते कायद्यात कसं बसतं, याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. गावाने त्यावर भरवसा ठेवायचा असेल, तर आधी तेच समजून घ्यायला हवं.

निरोप हातोहात

मुठीत मावेल एवढा सर्किट बोर्ड, एक अँटेना, एक बॅटरी. फोन ब्लूटूथने त्याला जोडायचा आणि मजकूर लिहायचा. सिम नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही. जवळचा दुसरा संच तो निरोप झेलतो आणि पुढे सोडतो, तिसरा आणखी पुढे. डोंगरात एका वाडीने दिलेली हाक दुसरीने पुढे न्यावी तसा. यामागचं ‘लोरा’ हे तंत्र फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या एका कंपनीत घडलं आणि २०१२ मध्ये सेमटेक या अमेरिकी कंपनीने ते विकत घेतलं. त्यावर चालणारी ‘मेशटॅस्टिक’ ही खुली प्रणाली २०२० पासून आहे. तिच्यात निरोप साधारणपणे तीन टप्पे पुढे जातो. सेटिंग बदलून सातपर्यंत नेता येतो.

मर्यादाही ओळखून असावं. यावर बोलता येत नाही, फोटो जात नाही. एका निरोपाला जागा सुमारे २०० बाइटची, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. ‘पूल वाहून गेला. तिघे अडकलेत. बोट पाठवा.’ एवढ्यातच निम्मी जागा संपते. डोंगर आडवा आला की लहरी अडतात, म्हणून एखादा संच उंच धारेवर, सौर पॅनेलसह बसवावा लागतो. पण हे एवढे शब्द वेळेवर तालुक्याला पोचले, तर मदत काही तास आधी निघू शकते.

पट्टी मोकळी, मोकाट नव्हे

आता कायदा. आपल्याकडे रेडिओ लहरींचा कारभार दूरसंचार विभागाच्या ‘डब्ल्यूपीसी’ शाखेकडे आहे. लहरी वापरायच्या तर परवाना हवा, हा मूळ नियम; त्याला काही सवलती आहेत. २००५ च्या नियमांनी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ही पट्टी कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना मोकळी केली. २०२१ मध्ये ती ८६८ पर्यंत वाढवण्यात आली. अटी स्पष्ट आहेत: प्रक्षेपकाची शक्ती जास्तीत जास्त १ वॉट, अँटेनासह प्रभावी शक्ती ४ वॉट, वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ. शिवाय दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, स्वतःला झाला तर तक्रार करायची नाही, आणि पट्टी सगळ्यांनी वाटून वापरायची.

सर्रास वापरल्या जाणाऱ्या लोरा चिपची शक्ती १६० मिलिवॉटच्या आसपास असते, म्हणजे शक्तीच्या बाबतीत आपण मर्यादेच्या खूप आत आहोत. गफलत होते ती दुसरीकडे. परदेशातून स्वस्तात येणारे अनेक बोर्ड अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ पट्टीसाठी बनलेले असतात. तिथला मेशटॅस्टिकचा ठरलेला चॅनेल ९०६.८७५ मेगाहर्ट्झचा. भारतात ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींचा आहे. म्हणजे मदतीसाठी घेतलेला रेडिओ शेजाऱ्याच्या फोनच्याच वाटेत उभा राहील. म्हणून बोर्ड ८६५-८६८ मध्ये चालणारा घ्यावा आणि ॲपमध्ये प्रदेश ‘भारत’ निवडावा.

आणखी एक बारकावा. मेशटॅस्टिकची मूळ ‘लाँग फास्ट’ सेटिंग २५० किलोहर्ट्झ रुंदी वापरते. नियमात २०० लिहिले आहेत. १२५ किलोहर्ट्झच्या सेटिंग उपलब्ध आहेत. वेग कमी होतो, पण निरोप जातो आणि आपण नियमात राहतो. गावासाठी जाळं उभारणाऱ्याने हा बदल पहिल्याच दिवशी करावा.

मान्यता यंत्राला

परवाना नको याचा अर्थ कागद नको, असा नाही. हॅम, म्हणजे हौशी रेडिओत परवाना माणसाला मिळतो. तो परीक्षा देतो, त्याला कॉलसाइन मिळतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम सहकाऱ्यांनी अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले, ते या शिस्तीच्या बळावर. मेश रेडिओत मान्यता यंत्राच्या मॉडेलला लागते. तिचं नाव ‘ईटीए’, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला मंजुरी. उत्पादक किंवा आयातदार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल जोडून ‘सरल संचार’ पोर्टलवर ती घेतो. त्याच बोर्डावरचं वायफाय आणि ब्लूटूथही या तपासणीत येतं. ईटीए नसेल तर परदेशातून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं.

हे निव्वळ कागदी घोडे नव्हेत. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या. कोणत्या लहरींवर चालतात, परवाना लागतो का, ईटीए आहे का, याचा पत्ता नसलेले संच राजरोस विकले जात होते. ऐन पुरात पोलिसांनी असा संच ताब्यात घेतला, तर त्यांना दोष देता येणार नाही. आणि निरोप मात्र तिथेच थांबेल. ज्या रेडिओची वैधता संशयास्पद, त्याच्यावरून आलेल्या निरोपावर तहसील कार्यालयाने पथक का धाडावं?

पण शासनाकडेही एक मागणी आहे. पन्नास संच घेणाऱ्या गावच्या संस्थेला आणि पन्नास हजार संच आणणाऱ्या कंपनीला चाचणीची वाट एकच आहे. संस्थेला ती परवडणारी नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ईटीए असलेली मॉडेलं निवडून एकत्र खरेदी करावी, त्यांची यादी मराठीत जाहीर करावी आणि ‘आपदा मित्र’ स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात हा विषय घ्यावा. कोणत्या वाडीत कोणाकडे संच आहे, याची नोंद तहसीलदारांकडे असावी. निरोप सांकेतिक रूपात जात असल्याने सुरक्षा यंत्रणांना शंका येणं स्वाभाविक आहे. ती अशा उघड नोंदीने दूर होते.

गावानेही आपलं काम करावं. विकत घेताना ईटीएची प्रत मागावी, ती ग्रामपंचायतीत ठेवावी, मोठी अँटेना लावण्याआधी ४ वॉटची मर्यादा तपासावी आणि मे महिन्यातच एक दिवस सगळे फोन बंद ठेवून तालीम करावी. दरडप्रवण गावांची नावं सरकारदरबारी आहेत, पट्टी मोकळी आहे, यंत्रं बाजारात आहेत. या तिन्हींची गाठ पावसाळ्याआधी घालून देणं हे जिल्हा प्रशासनाचं काम आहे, आणि ते त्यांच्याकडून मागून घेणं आपलं.