क्षेत्रपाहणीत टॅब्लेट व लॅपटॉप यांची जोडणी

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, एरव्ही अवर्षणाचे तालुके. नीरा डाव्या कालव्याने तेथे ऊस आणला. त्यापाठोपाठ भारी काळ्या जमिनीत पाणी साचणे व क्षार वर येणे हेही आले. हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींविषयीचा आपला अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला. तोच प्रश्न आज अभ्यासणारा संशोधक शेतावर टॅब्लेट नेतो व मुक्कामी लॅपटॉप वापरतो. ही दोन साधने परस्परपूरक ठरावयाची तर त्यांच्या जोडणीमागील तत्त्वे प्रथम ध्यानात घेतली पाहिजेत.

पहिले तत्त्व कामाच्या विभागणीचे होय. गटांच्या हद्दी भरणे, नोंदीचा तक्ता आखणे व विश्लेषण करणे ही कामे लॅपटॉपवर, क्यूजीआयएस ह्या मुक्त प्रणालीत करावीत. तेथे सिद्ध झालेल्या प्रकल्पाची प्रत तारेने टॅब्लेटवर उतरवून क्यूफील्डमध्ये उघडावी व शेतात केवळ नोंदी कराव्यात. पार्श्वभूमीचा नकाशाही त्याच प्रतीत असावा. कारण उसाच्या फडात इंटरनेट मिळेलच असे नाही.

दुसरे तत्त्व मापनाच्या चौकटीचे. उपग्रहांद्वारे मिळणारे स्थान अंशांत असते. क्षेत्रफळ मात्र मीटरांवरून काढावयाचे असते. ह्या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, तर रेखांशाचा सुमारे १०६ किलोमीटर भरतो. साहजिकच अंशांवरून सरळ काढलेले क्षेत्रफळ निरर्थक ठरते. दोन्ही तालुके यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर ह्या पट्ट्यात मोडतात व त्याची ७५ अंशांची मध्यरेषा इंदापूरजवळूनच जाते. म्हणून क्षेत्रफळाकरिता हीच चौकट योजावी. टॅब्लेटच्या स्थाननिश्चितीत काही मीटरांची चूक संभवते. बांधालगत घेतलेला बिंदू शेजाऱ्याच्या गटात पडू शकतो व एकाच्या जमिनीचा दोष दुसऱ्याच्या नावावर चढतो. यास्तव नमुना शक्यतो बांधापासून दूर घ्यावा. काही टॅब्लेटांत उपग्रह-ग्राहक मुळीच नसतो, हेही खरेदीपूर्वी पाहिले पाहिजे.

तिसरे तत्त्व सर्वांत महत्त्वाचे. एकच नोंद दोन्ही ठिकाणी बदलली गेली, तर प्रती जुळविताना एक बदल पुसला जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रत शेतावर गेली की ती परत येईपर्यंत लॅपटॉपवरील त्या स्तरास हात लावू नये. एक टॅब्लेट बारामतीत व दुसरा इंदापुरात असल्यास दोहोंतही १७ क्रमांकाची नोंद निर्माण होईल. तेव्हा साधा अनुक्रमांक न देता प्रत्येक नोंदीस यंत्राकडूनच एकमेव ओळखक्रमांक देववावा.

सायंकाळी टॅब्लेटवरील नोंदी लॅपटॉपवर आणाव्यात, दोहींकडील संख्या ताडून पाहावी, एक प्रत स्वतंत्र डिस्कवर ठेवावी आणि मगच टॅब्लेट मोकळा करावा. हा क्रम क्षुल्लक वाटेल. तथापि पाण्याच्या पाळीपूर्वी मोजलेली क्षारता एकदा हरवली आणि शेतकऱ्याने दारे धरली, की त्या जमिनीची ती स्थिती पुन्हा मोजता येत नाही.